टाकीचं वजन

रुचा, तू पुढच्या महिन्यात अजितकडे ट्रेनर म्हणून जॉइन होतेयस, म्हणून सांगते. नाहीतर ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. नवऱ्यालाही अर्धीच सांगितलीय. घरात तूप का आणत नाहीस, एवढंच तो मधून मधून विचारतो. हीटर जरा जवळ ओढ. आणि चहा आधी संपव, नंतर तुला तो जाणार नाही.

गेल्या वर्षीचा जुलै होता, इथला ऐन हिवाळा. टूवूंबाची थंडी तुला ठाऊकच आहे. डोंगराच्या कडेवरून सकाळी धुकं चढतं आणि कधी कधी दहा-अकरापर्यंत हलायचं नाव घेत नाही. अजितचं यार्ड शहराच्या पश्चिमेला, धान्याच्या सायलोंच्या पलीकडे. तांबडी माती, तारेचं कुंपण, दोन कंटेनरचं ऑफिस आणि एक जुनी मोबाइल क्रेन. तिथे मी डॉगिंग शिकवायचे. माल कसा बांधायचा, उचलायचा पट्टा, म्हणजे स्लिंग, कुठे घालायची, क्रेनवाल्याला हाताने आणि शिट्टीने कसं सांगायचं, हे सगळं. ब्रिस्बेनच्या टॉवरांवर आठ वर्षं मी तेच केलं होतं. आईला अजून वाटतं की तिची मेकॅनिकल इंजिनियर मुलगी इथे ऑस्ट्रेलियात कुठल्यातरी ऑफिसात बसते.

त्या सोमवारी मी अर्धा तास लवकर पोचले, कारण प्रॅक्टिससाठी नवीन लोड येणार होता. सिमेंटचे ठोकळे उचलून पोरं काही शिकत नाहीत. अवघड काहीतरी हवं, असं मीच अजितच्या मागे लागले होते. आठ वाजता ट्रक आला. त्यावर लोखंडी टाकी होती, उभी, पिंपासारखी, माझ्यापेक्षा दीड पट उंच. पोट एका बाजूला फुगलेलं, त्यामुळे वजनाचा मध्य भलतीकडेच. शिकवायला एकदम मस्त.

"कुठून आणलीस?" मी अजितला फोनवर विचारलं.

"एक कत्तलखाना बंद झाला ना, त्याच्या मागे चरबी वितळवायचा प्लांट होता. तिथली. वाफेने धुऊन दिलीय त्यांनी. तू फक्त फॉर्मवर सही कर."

फॉर्मवर एक चौकोन होता. 'आतून तपासली, रिकामी व स्वच्छ.' टाकीच्या झाकणाला सोळा बोल्ट, सगळे गंजून एकजीव झालेले. ते उघडायचे म्हणजे अर्धा दिवस गेला असता. मी टिक केली आणि सही केली.

त्या बॅचला चार जण होते. त्यातला एक हृषीकेश. मूळचा बारामतीचा, इथे हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलेला, कायम राहायचा पीआर मिळेपर्यंत वेअरहाउसमध्ये माल उचलत राहिला आणि तिथेच सहा वर्षं अडकला. अडतीस वर्षांचा, अवाढव्य माणूस, आणि स्वभावाने तितकाच मोठा. पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी थालीपिठं घेऊन आला. उंचीवरच्या कामाचा पट्टा देण्याआधी आम्ही सगळ्यांचं वजन लिहून घेतो. त्याचं एकशे अठरा भरलं.

"ताई, क्रेनला पेलेन ना मी?" असं म्हणून स्वतःच हसला.

हे डॉगिंगचं लायसन्स मिळालं की तो विंड फार्मच्या कामाला लागणार होता. त्याची बायको सावनी हॉस्पिटलमध्ये नर्स. ती दिवसा कामावर, तो रात्री. सहा वर्षं दोघं एकमेकांना फक्त दारात भेटत होते, असं तो म्हणायचा.

मंगळवारी आम्ही टाकी पहिल्यांदा उचलली. हुकाखाली मी डिजिटल काटा लटकवला होता. आधी वजनाचा अंदाज करायचा, मग काट्यावर ताडून बघायचं, अशी माझी पद्धत. टाकीच्या पाटीवर चौदाशे वीस किलो कोरलं होतं. काट्यावरही चौदाशे वीस आलं. सगळं बरोबर.

टाकी जमिनीपासून तीन मीटर वर होती तेव्हा तिला धरून ठेवायची दोरी अडकली. आणि हृषीकेश ती सोडवायला सरळ टाकीच्या पोटाखाली गेला. लटकत्या मालाखाली जायचं नाही, हे मी त्याच सकाळी दहा वेळा सांगितलं होतं. मी ओरडले. त्याने दचकून वर बघितलं. टाकीच्या तळाच्या जोडातून एक थेंब सुटला, जाड, पिवळट, आणि त्याच्या खालच्या ओठावर पडला.

आणि त्याने नकळत ओठावरून जीभ फिरवली.

"ताई..." तो म्हणाला. "तूप आहे."

बाकीचे खो खो हसले. मला तेव्हा पहिल्यांदा वास आला. लोणी कढवताना बेरी लागायच्या आधी जो वास सुटतो ना, घरभर पसरणारा, अगदी तोच. आणि त्याच्या खाली दुसरा एक. ओल्या केसांचा, आणि बंद फ्रिजमध्ये विसरलेल्या डब्याचा. माझ्या तोंडात पाणी सुटलं आणि त्याच क्षणी मळमळलं. दोन्ही एकदम. त्याची मला जास्त शिसारी आली.

मी हृषीकेशला बाटली दिली, म्हटलं, चूळ भर. त्याने बाटली घेतली, पण चूळ काही भरली नाही.

गुरुवारी काट्यावर चौदाशे सव्वीस आलं. मला वाटलं, दव असेल, किंवा काटा बिघडला असेल. सिमेंटच्या ठोकळ्यावर तपासून बघितला. बरोबर होता. पुढच्या मंगळवारी चौदाशे तेहतीस. क्रेन चालवणारा केव्ह साठीचा होता, फार न बोलणारा. त्याने केबिनमधून मान बाहेर काढली.

"युवर टँक्स बीन ईटिंग, लव्ह." तुझी टाकी काहीतरी खात बसलीय, म्हणे.

त्या आठवड्यात कडक दंव पडलं. सकाळी यार्ड पांढरं झालेलं असायचं, क्रेन, कंटेनर, साखळ्या, सगळं. टाकी तेवढी काळी आणि कोरडी. मी ग्लव्ह काढून हात लावला तर कोमट. तापातल्या माणसाच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटलं. हात मागे घेतला तर बोटांवर पातळ थर आला होता. भांड्यांच्या साबणाने तीन वेळा धुतला तरी दिवसभर बोटं एकमेकांवरून सटकत होती. दुपारी डब्यातली भाजी-पोळी खाल्ली तर टाळूला चिकट साय बसल्यासारखं झालं.

हृषीकेश बारीक होत होता. आधी सगळ्यांनी त्याला टाळ्या दिल्या. "डाएट का भाई?" असं बॅचमधला पंजाबी पोरगा विचारायचा. पण दुसऱ्या आठवड्यात त्याच्या शर्टाची कॉलर मला दिसली. कापड पारदर्शक झालं होतं, भजी ठेवलेल्या कागदासारखं. त्याने लॉगबुक सहीसाठी पुढे केलं. त्याचा अंगठा जिथे टेकला होता, तिथून मागच्या पानावरची अक्षरं वाचता येत होती.

मी ती वही दोन बोटांनी धरली. सही केली, आणि पेन फेकून दिलं.

त्या संध्याकाळी सावनीचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"ताई, तुम्ही याला रोज बघता म्हणून विचारते... हा तिकडे काही खातो का?"

"नाही गं. का?"

"घरी जेवत नाही. सगळ्या टेस्ट केल्या. ब्लड, शुगर, थायरॉइड. सगळं नॉर्मल. पण वजन... आणि उशी. तो झोपून उठला की रोज उशीचा अभ्रा भिजलेला असतो. घाम नाही तो, ताई. मी नर्स आहे, मला घाम कळतो. थंड झाला की गोठतो."

मी म्हटलं, त्याला पाठवू नकोस. ती म्हणाली, ऐकत नाही. दोनच आठवडे राहिलेत म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला यार्डवर गेले. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. धुकं इतकं दाट होतं की फाटकापासून क्रेन दिसत नव्हती. हृषीकेशची गाडी बाहेर उभी होती. टाकी लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली असायची, खाली हातभर जागा. मी जवळ गेले तेव्हा आधी आवाज ऐकू आला. बारीक, ओला. वासरू लुचतं तसा.

मग टाकीखालून बाहेर आलेले दोन बूट दिसले.

"हृषीकेश?"

आवाज थांबला. थोड्या वेळाने तो सरपटत बाहेर आला. ओठ, हनुवटी, गळा, सगळं चमकत होतं. मिशीला एक राठ पांढरा केस चिकटला होता. तो त्याचा नव्हता.

"खाली गरम आहे, ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "थोडंच राहिलंय आता."

"काय राहिलंय?"

त्याने हनुवटीवरचं बोटाने निपटलं आणि बोट तोंडात घातलं. मी कंटेनरच्या मागे जाऊन ओकले.

नऊ वाजता मी अजितच्या समोर उभी होते. काट्याचे सगळे आकडे लिहून आणले होते. आदल्या दिवशी चौदाशे बावन्न आलं होतं. हृषीकेशला मी ऑफिसच्या काट्यावर उभं केलं होतं. शहाऐंशी. टाकी बत्तीस किलोने वाढली होती आणि तो बत्तीस किलोने कमी झाला होता.

अजितने आकडे बघितले. हसला नाही, पण कागद परत केला.

"पावसाचं पाणी गेलं असेल आत."

"गेल्या महिन्यात पाऊस कुठे पडलाय? बोल्ट काप. आत बघू दे."

"मयूरा, अठ्ठावीसला परीक्षा घ्यायला असेसर येतोय. त्याला लोडचे पेपर आधीच पाठवलेत." तो खुर्चीत मागे टेकला. "आणि आतून तपासली म्हणून तूच सही केलीयस ना? मग आता काय सांगायचं त्याला? की बघितलंच नव्हतं?"

रुचा, मला टाकीची किळस येत होती, हृषीकेशची येत होती. पण त्या खोलीतून बाहेर पडताना सगळ्यात जास्त माझीच आली. कारण मी खरंच काही बोलले नाही. हृषीकेशला परीक्षेला बसू देऊ नकोस, एवढंच म्हटलं. अजित म्हणाला, डॉक्टरचा फिटनेस आहे त्याच्याकडे. आणि तो खरंच होता. सगळ्या टेस्ट नॉर्मल.

अठ्ठावीसला धुकं उठलंच नाही. असेसर दहाला आला, टॅबलेटवर पाण्याचे थेंब बसत होते म्हणून सारखा पुसत होता. बाकी तिघांचं झालं. शेवटी हृषीकेश. पिवळं जॅकेट त्याच्या अंगावर हँगरला लटकवल्यासारखं दिसत होतं. गालांची कातडी खाली ओघळलेली. पण त्याने स्लिंग घातली ती अगदी मापात. टाकीचं वजन त्याने न बघताच सांगितलं, चौदाशे सदुसष्ट. काट्यावर चौदाशे सदुसष्टच आलं. असेसर खूश झाला.

मग त्याने शिट्टी वाजवली. दोन छोट्या. म्हणजे वर. टाकी उठली. त्याचे इशारे इतके स्वच्छ होते की आजवर मी तसे कोणाचे बघितले नाहीत. हात वळवला, क्रेन वळली. मूठ मिटली, क्रेन थांबली. तीन मीटरवर टाकी धुक्यात लटकत होती आणि स्लिंग करकरत होती.

आणि तो चार पावलं मागे गेला. बरोबर तिच्याखाली. एक हात लांब करून त्याने खाली घ्यायचा इशारा केला. हळू... हळू... केव्हला धुक्यात फक्त पिवळी बाही आणि हात दिसत होता. तो कुठे उभा आहे ते कळायला मार्ग नव्हता. टाकी खाली येऊ लागली.

मी दोन्ही हात वर ताणून धावले. "स्टॉप! केव्ह, स्टॉप!"

क्रेन थांबली. टाकीचा तळ हृषीकेशच्या तोंडापासून हातभर वर होता. त्याने मान मागे टाकली होती आणि तोंड उघडलं होतं, जबडा दुखेल इतकं. टाकीच्या जोडापासून त्याच्या तोंडापर्यंत चरबीची एक धार होती, बोटाएवढी जाड. पिवळी, संथ. आधी मला वाटलं, ती खाली येतेय.

ती वर जात होती.

मी त्याचा दंड धरला. हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला. परत धरला, परत निसटला. कातडी माझ्या बोटांखाली सरकत होती, आतल्या हाडाशी तिचा संबंधच नसल्यासारखी. शेवटी कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि ओढलं. तो रिकाम्या सूटकेससारखा आला. धार तुटली तेव्हा 'चप्' असा आवाज झाला आणि माझ्या गालावर काहीतरी कोमट उडालं. आम्ही दोघं मातीत पडलो.

वर स्लिंग सरकत असलेली मला दिसली. चरबीने माखली होती ती. टाकी कलली, स्लिंगमधून निसटली आणि तो उभा होता त्याच जागी आपटली. जमीन आमच्या अंगाखाली हादरली. झाकणाचे गंजलेले बोल्ट बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडाले.

मग केव्ह खाली उतरला, टॉर्च घेऊन उघड्या झाकणापाशी गेला. मीही गेले. मला बघायचंच होतं.

आत काही नव्हतं. एक थेंबही नाही. चाटूनपुसून साफ केलेल्या ताटासारखी टाकी आतून लख्ख होती. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने नेली. तिकडच्या काट्याची पावती मी मागून घेतली. चौदाशे वीस.

हृषीकेशला अँब्युलन्सने नेलं. हॉस्पिटलात त्याचं वजन एकाहत्तर भरलं. असेसरने 'अपघात टळला' असा रिपोर्ट लिहिला, अजितने सिमेंटचे नवीन ठोकळे मागवले, आणि मी राजीनामा दिला. महिनाभर मला काही तळलेलं बघवत नव्हतं. गालावर जिथे ते उडालं होतं, तिथली कातडी मी घासून घासून सोलून काढली होती.

ऑगस्टच्या शेवटी सावनीचा मेसेज आला. 'हा खूप बरा आहे. एकदा या ना ताई.' मी टाळत होते. मग एका रविवारी दुपारी गेले.

हृषीकेशने स्वतः दार उघडलं. दार भरून उभा राहिला, पूर्वीसारखा. गोबरे गाल, हसरा. "ताई! बघा, परत आलो की नाही?" सोफ्यावर बसला तेव्हा सोफा करकरला. ओठ कोरडे, शर्ट स्वच्छ, वास कसलाच नाही. मी मुद्दाम श्वास घेऊन बघितला. मला रडू येईल इतकं बरं वाटलं. लायसन्सची परीक्षा तो ब्रिस्बेनला परत देणार होता. बोलता बोलता त्याने विंड फार्मचे फोटो दाखवले.

सावनीने आतून हाक मारली, "ताई, जरा इकडे येता?"

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. जाड स्वेटर घातला होता, बाह्या भांडी घासायला पार खांद्यापर्यंत सारलेल्या.

"वजन भरलं ना छान?" मी म्हटलं.

"एकशे चौदा. तीन आठवड्यांत." ती हळू बोलत होती, आणि नळ तिने मुद्दाम चालू ठेवला होता. "जेमतेम खातो हो, ताई. सकाळी एक पोळी, रात्री एक पोळी. मी मोजते. कुठून येतं...?"

मी म्हटलं, "बरा झालाय तो. आता चिंता करू नकोस."

"हो ना. मीपण तेच म्हणते स्वतःला." ती जरा हसली. "नाइट शिफ्ट सोडलीय त्याने. आता सहा वर्षांनी रोज रात्री घरी असतो. मला जवळ घेऊन झोपतो. हलू देत नाही."

बाहेरून त्याची हाक आली, लाडिक, झोपाळलेली. "सावनी... ये ना गं. गार वाटतंय."

"आले," ती म्हणाली. कपाळावर आलेले केस मागे सारायला तिने हात वर केला. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरल्या. कोपरावरही अडकल्या नाहीत. पार दंडाच्या वर, खांद्याशी जाऊन थांबल्या.